जोर कुठे द्यायचा?

३० मार्च १२८२, ईस्टरनंतरचा सोमवार. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात सान्तो स्पिरितो नावाच्या चर्चपाशी लोक संध्याकाळच्या प्रार्थनेला जमले होते. बेटावर तेव्हा राज्य होतं आंजूच्या शार्लचं, म्हणजे फ्रेंचांचं. कर भरमसाट, अधिकारी माजलेले. त्या संध्याकाळी एका फ्रेंच शिपायाने एका स्थानिक बाईची छेड काढली असं सांगतात. ठिणगी पडायला तेवढं पुरलं. कत्तल सुरू झाली आणि पुढचे काही आठवडे बेटभर फ्रेंच माणूस दिसेल तिथे मारला गेला. इतिहासात या उठावाला ‘सिसिलियन व्हेस्पर्स’ म्हणतात. व्हेस्पर्स म्हणजे तीच सांजप्रार्थना.

पण फ्रेंच माणूस ओळखायचा कसा? कपडे बदलता येतात, दाढी वाढवता येते. दंतकथा अशी आहे की बंडखोरांनी एक साधी परीक्षा काढली. मूठभर हरभरे समोर धरायचे आणि विचारायचं, “याला काय म्हणतात?” सिसिलीच्या बोलीत हरभऱ्यांना ‘चीचिरी’ म्हणतात. फ्रेंच माणसाला ते म्हणता येत नसे. तो काहीतरी ‘सिसिरी’सारखं बोलायचा आणि जीव गमवायचा.

ही गोष्ट सांगताना सगळे ‘च’वर बोट ठेवतात. मला ते तितकंसं पटत नाही. तेराव्या शतकात फ्रेंचमध्ये ‘च’ हा आवाज होता, तो त्याच सुमारास हळूहळू ‘श’ होत चालला होता. म्हणजे एखादा चलाख शिपाई ‘च’ उच्चारू शकला असता. त्याचा घात झाला असता तो दुसऱ्याच गोष्टीने. सिसिलीत जोर पहिल्या अक्षरावर पडतो, चीऽचिरी. फ्रेंच जीभ जोर शब्दाच्या शेपटीकडे नेते, चिचिरीऽ. व्यंजनं घोकून पाठ करता येतात, पण जोर कुठे द्यायचा हे भेदरलेल्या माणसाची जीभ स्वतःच ठरवते.

दंतकथा खरी असो वा खोटी, तिने बोट ठेवलंय ती जागा मात्र बरोबर आहे. इटालियन शब्दातला आघात, म्हणजे जोर, ही ऐकून शिकायची गोष्ट आहे. ती कागदावर जवळजवळ कुठेच लिहिलेली नसते.

या लेखात जोर दाखवायला मी ‘ऽ’ वापरतोय, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काऽय’ लिहितो तसा. आणि ‘अक्षर’ म्हणजे कागदावरचं अक्षर नव्हे, तर तोंडातून एका झटक्यात बाहेर पडणारा तुकडा.

आता हे बघा. काऽपितानो म्हणजे ‘(गोष्टी) घडतात’. कापिताऽनो म्हणजे कप्तान. कापितानोऽ म्हणजे ‘त्याने नेतृत्व केलं’. शब्द एकच, अक्षरं तीच चार, जोर सरकला की अर्थ बदलला. यातल्या तिसऱ्यावर तेवढी शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ येते. पहिले दोन लिहिताना हुबेहूब सारखे. सूऽबितो म्हणजे ‘लगेच’ आणि सुबीऽतो म्हणजे ‘सोसलेलं’. आऽन्कोरा म्हणजे नांगर (जहाजाचा), आन्कोऽरा म्हणजे ‘अजून’. प्रीऽन्चिपी म्हणजे राजपुत्र, प्रिन्चीऽपी म्हणजे तत्त्वं. राजपुत्रांची तत्त्वं असं काही लिहायची वेळ आली तर वाचणाऱ्याने संदर्भावरून काय ते समजून घ्यायचं.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. ‘जरा थांब’ मधला ज आणि ‘जरा-मरण’ मधला ज आपण एकसारखा लिहितो आणि वेगळा बोलतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या दोन च मधला फरक आपली लिपी दाखवत नाही. घरी मराठी ऐकत वाढलेल्याला कधी प्रश्न पडत नाही. पुस्तकातून मराठी शिकणारा मात्र तिथेच पकडला जातो. इटालियनची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की कित्येक शतकं जवळजवळ सगळा देशच पुस्तकातून इटालियन शिकत होता.

पण आधी हा जोर असा बेशिस्त झाला कसा, ते बघू. कारण लॅटिनमध्ये तो अगदी शिस्तीत होता.

शाळेत वृत्तं शिकताना केलेलं लघु-गुरु आठवा. लॅटिनचा नियम त्यातच सांगता येतो. शेवटून दुसरं अक्षर गुरु असेल तर जोर त्याच्यावर. लघु असेल तर एक घर मागे. शेवटच्या अक्षरावर जवळपास कधीच नाही. ‘मित्र’ या अर्थाचा अमीऽकुस, यात ‘मी’ दीर्घ म्हणून जोर तिथे. ‘मालक’ या अर्थाचा डोऽमिनुस, यात ‘मि’ ऱ्हस्व म्हणून जोर मागे ‘डो’वर. स्वर ऱ्हस्व की दीर्घ एवढं कळलं की जोर आपोआप कळतो.

मग ऱ्हस्व-दीर्घच गेलं.

ते कसं गेलं याची एक सुरेख साक्ष आपल्याकडे आहे. संत ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला, बिशप होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो धर्मोपदेशकांसाठी एक ग्रंथ लिहीत होता, ‘दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना’. त्यात तो सांगतो की लॅटिनमध्ये ऱ्हस्व ओ असलेला ‘ओस’ म्हणजे हाड आणि दीर्घ ओ असलेला ‘ओस’ म्हणजे तोंड. पण आफ्रिकेतल्या कानांना स्वराची ही लांबी-आखूडपणा कळत नाही. मग उपदेशकाने काय करावं? तर हाडासाठी सरळ ‘ओस्सुम’ हा गावंढळ शब्द वापरावा. व्याकरणवाले नाक मुरडतील, पण ऐकणाऱ्याला कळणं जास्त महत्त्वाचं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपच्या तोंडून हे ऐकून बरं वाटतं.

हे फक्त आफ्रिकेपुरतं नव्हतं. बोलत्या लॅटिनमधली लघु-गुरुची घडी सगळीकडेच विस्कटत गेली. जोर मात्र जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे बघा, जोर कुठे द्यायचा ते ठरवणारं कारण नाहीसं झालं आणि परिणाम तेवढा मागे उरला. घरमालक गेला, भाडेकरू राहिला. अमीऽकोमध्ये ‘मी’वर जोर का, याचं उत्तर आता शब्दात दिसत नाही. आईने तसं म्हटलं म्हणून, एवढंच.

इटालियन व्याकरणाने या शब्दांना नावं मात्र छान दिली आहेत. शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर तो शब्द ‘त्रोन्का’, म्हणजे छाटलेला. शेवटून दुसऱ्यावर असेल तर ‘प्याना’, म्हणजे सपाट. शेवटून तिसऱ्यावर असेल तर ‘स्द्रुच्चोला’, म्हणजे घसरडा. जोर देऊन झाल्यावर उरलेली दोन अक्षरं घसरगुंडीवरून खाली येतात. स्द्रूऽच्चोला हा शब्द स्वतःच घसरडा आहे आणि प्याऽना सपाट. त्रोऽन्का मात्र छाटलेला नाही, एवढी एक गोची आहे. बहुसंख्य इटालियन शब्द सपाट असतात, त्यामुळे शंका आली तर शेवटून दुसऱ्यावर जोर द्यावा: फेर्राऽरी, लाम्बोर्गीऽनी, मोत्सारेऽल्ला. गावांच्या नावांत मात्र हा अंदाज हमखास फसतो. नाऽपोली, जेऽनोवा, पाऽदोवा, ब्रीऽन्दिसी, ताऽरान्तो, सगळी घसरडी.

त्यातल्या छाटलेल्या शब्दांची कथा मला सगळ्यांत आवडते. शहराला लॅटिनमध्ये म्हणायचे ‘किविताऽतेम’. जुन्या इटालियनमध्ये त्याचं झालं ‘चित्ताऽदे’. पुढे शेवटचं ‘दे’ गळून पडलं आणि उरलं ‘चित्ताऽ’. जोर होता त्या ‘ता’वरच आहे, पण मागचं अक्षर गेल्यामुळे ‘ता’ आता शेवटचं झालं. मायकेलअँजेलोची ‘पिएताऽ’ तशीच, आधी ‘पिएताऽदे’ होती. सद्गुण या अर्थाचा विर्तूऽ आधी विर्तूऽदे होता. आणि इटालियनमध्ये जोराची रेघ सक्तीने काढावी लागते ती प्रामुख्याने अशाच जागी, शब्दाच्या टोकाला. अशा शब्दांत जिथे एक अक्षर गेलं तिथे ती रेघ उभी आहे. कॅफेच्या मेनूकार्डावर ‘तिरामिसूऽ’च्या शेवटी दिसणारी रेघ याच नियमाने येते, फक्त तिथे काही गळालेलं नाही. तिरा-मि-सू म्हणजे ‘मला वर ओढ’. तीन शब्द जोडले आणि जोर टोकाला आला.

ही रेघ रुळली ती व्हेनिसमधून. मध्ययुगीन हस्तलिखितांमध्ये तिचा नेम नसे. १५०१ मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने पेत्रार्कच्या कवितांचं पुस्तक छापलं. संपादक होता पिएत्रो बेंबो, तिथलाच एक तरुण सरदारपुत्र. आल्दुसचा छापखाना ग्रीक ग्रंथांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे ग्रीकमधली तिरकी आघातचिन्हं आणि अपॉस्ट्रॉफी त्यांच्या रोजच्या कामातली. बेंबोने ती उचलून लोकभाषेला लावली. पेत्रार्क तेव्हा मरून सव्वाशे वर्षं झाली होती. त्याच्या भाषेला लॅटिन-ग्रीकसारखी इभ्रत द्यायची तर तिचा कपडाही तसाच हवा, असा विचार त्यामागे असणार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बेंबो व्हेनिसचा. त्याच्या घरी, गल्लीत, बाजारात बोलली जायची ती व्हेनेशियन. १५२५ मध्ये त्याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ठरवून टाकलं की लिहिण्याची भाषा म्हणजे चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क आणि बोक्काच्चोची फ्लोरेन्टाइन. म्हणजे दुसऱ्या गावाची आणि दोनशे वर्षं जुनी. ती भाषा त्याने डोळ्यांनी शिकली होती. पुढची साडेतीनशे वर्षं इटलीत लिहिणारा जवळपास प्रत्येक जण तिथेच बोट ठेवून शिकला.

जोर आणि उच्चार कागदावर आणायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १५२४ मध्ये व्हिचेन्झाच्या ज्यान ज्योर्ज्यो त्रिस्सिनोने एक पत्ररूप पुस्तिका छापली आणि सुचवलं की इटालियनमध्ये ए आणि ओ दोन-दोन प्रकारचे आहेत, एक मिटलेला आणि एक उघडा, आपल्या ‘ॲ’ आणि ‘ऑ’कडे झुकणारा. लिपीत ते दिसत नाहीत, तर ग्रीकमधून एप्सिलॉन आणि ओमेगा उसने घेऊ. सूचना शहाणपणाची होती. ‘पेऽस्का’ मिटलेल्या ए ने म्हटलं तर मासेमारी, उघड्या ए ने म्हटलं तर पीचचं फळ, आणि हा फरक फक्त जोराच्या अक्षरातच ऐकू येतो. पण फ्लोरेन्सवाल्यांनी त्याची टर उडवली. आन्योलो फिरेन्झुओलाने तर ‘नव्या अक्षरांची हकालपट्टी’ अशा नावाची पुस्तिकाच लिहिली. व्हिचेन्झाचा माणूस आम्हाला आमचे स्वर शिकवणार? शिवाय कुठला स्वर उघडा आणि कुठला मिटलेला हे त्याने ठरवलं ते स्वतःच्या कानाने, आणि तो कान फ्लोरेन्सचा नव्हता. ग्रीक अक्षरं बारगळली. त्याच्या इतर काही सूचना, उदाहरणार्थ उ आणि व साठी वेगळी चिन्हं, कालांतराने रुळल्या. उच्चार मात्र पुन्हा कागदाबाहेर गेला.

शब्द तोडायचा कुठे, हाही असाच डोळे आणि कान यांच्यातला तंटा. इटालियन शाळेत पोरांना शिकवतात: जोडव्यंजन मधोमध तोडायचं, गात-तो (मांजर), नोन-नो (आजोबा). पण ‘स’ पुढच्या व्यंजनाबरोबर जातो, म्हणून पा-स्ता. आपल्याला हे एकदम पटतं, कारण देवनागरीही ‘पास्ता’ तसाच लिहिते. पण मोठ्याने म्हणून बघा. तोंड म्हणतं पास्-ता. आपल्या छंदःशास्त्राला हे ठाऊक आहे, म्हणून तर जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु धरतात.

इटालियन भाषेलाही आतून ते ठाऊक आहे. पुल्लिंगी नामामागे साधारणपणे ‘इल’ लागतं, पण स आणि व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दामागे ‘लो’: लो स्तुदेऽन्ते, विद्यार्थी. का? कारण त्या स् ला टेकायला मागे एक स्वर हवा. पूर्वी असा स्वर नसला तर लोक सरळ ‘इ’ घुसवायचे. शाळेला स्कुओला, पण ‘शाळेत’ म्हणताना ‘इन इस्कुओला’. आपल्याकडे ‘इस्टाईल’ म्हणतात ना, तीच युक्ती. ‘लेखी’ या अर्थाच्या ‘पेर इस्क्रित्तो’मध्ये तो इ अजून जिवंत आहे. तरीही १९६९ मध्ये इटलीच्या मानक संस्थेने ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे नियम छापले, तेव्हा निकाल पा-स्ता असाच राहिला. तोवर कित्येक पिढ्यांची वही तशीच तपासली गेली होती.

या हिशेबाने व्हेस्पा स्कूटर म्हणजे वे-स्पा, अर्थ गांधीलमाशी. आणि तिच्याच कंपनीची तीनचाकी, जी बारामतीत बनते आणि आपल्याकडे ‘ॲपे’ म्हणून धावते, ती आ-पे, म्हणजे मधमाशी. इंग्रजीच्या हिशेबाने तिचं एका अक्षराचं ‘एप’, म्हणजे माकड, झालं असतं. आपल्या रिक्षावाल्यांनी दोन अक्षरं शाबूत ठेवली याचं मला कौतुक वाटतं.

जोर जिथे लपवता येत नाही अशी एक जागा म्हणजे कविता. इटालियनचा राजमान्य छंद ‘एन्देकासिल्लाबो’, नावाप्रमाणे अकरा अक्षरी. दान्तेची ‘दिव्हिना कोम्मेदिया’ अशा १४,२३३ ओळींची आहे. पण नावावर जाऊ नका. ओळ छाटलेल्या शब्दावर संपली तर दहाच अक्षरं भरतात, घसरड्यावर संपली तर बारा. तिन्ही ओळी छंदात बसतात, कारण पक्कं असतं ते एकच: दहाव्या अक्षरावर जोर. यमकही जोराच्या स्वरापासून पुढे जुळवायचं. त्यामुळे शब्दाचा जुना जोर कुठे होता हे शोधायचं तर अभ्यासक कवींकडे जातात. कवी त्यात चुकून चालत नाही.

आणि गाणं तर त्याहून पक्कं. १८४२ मध्ये मिलानमध्ये व्हेर्दीचा ‘नाबुक्को’ ऑपेरा रंगमंचावर आला. त्यातल्या ‘वा, पेन्सिएरो’ या समूहगीताच्या ओळी दहा अक्षरी आहेत आणि जोर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या अक्षरावर पडतो, पावलं टाकल्यासारखा. गाणाऱ्याला इटालियन येत नसलं तरी तिथे जोर चुकवणं कठीण आहे, कारण तो सुरांत लिहिलेला आहे. छापील पान जे लपवतं ते स्वरलिपी दाखवते.

त्यानंतर १९ वर्षांनी, १८६१ मध्ये, इटली एक देश झाला. देश झाला, पण देशाची भाषा किती लोक बोलत होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्यो दे माउरोने १९६३ मध्ये अंदाज मांडला: शंभरात अडीच, म्हणजे सुमारे अडीच कोटींत सहा लाख. पुढे आर्रिगो कास्तेल्लानीने हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेला, कारण तोस्काना आणि भोवतालच्या साध्या माणसांची बोलीही त्याने धरली. कुठलाही आकडा घ्या. चारांतल्या तिघांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि बाकीचे व्हेनेशियन, लोम्बार्द, नेपोलितान, सिसिलियन बोलत होते. आलेस्सान्द्रो मान्झोनी हा देशाचा सर्वांत मोठा कादंबरीकार मिलानचा. बोलायचा मिलानची बोली आणि फ्रेंच. आपली कादंबरी ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ एकदा छापून झाल्यावर त्याने सगळी पुन्हा लिहिली, जिवंत फ्लोरेन्टाइनमध्ये. शंका विचारायला त्याच्याजवळ एमिल्या लूती नावाची फ्लोरेन्सची बाई होती, मुलांना शिकवणारी. देशाच्या साहित्यभाषेचा शेवटचा हात तिच्या कानावरून फिरला, असं म्हणायला हरकत नाही. तिचं नाव पाठ्यपुस्तकात तळटीपेत येतं, आलं तर.

आता विचार करा, बारी किंवा तोरिनोमधला एखादा हुशार पोरगा शाळेत इटालियन वाचायला शिकतोय. ‘रुब्रिका’ हा शब्द येतो. जोर कुठे? घरी हा शब्द कुणी म्हणत नाही. मास्तरही दुसऱ्या बोलीचा. पोरगा अंदाज बांधतो, रूऽब्रिका. तेच पुढे तो आपल्या पोरांना शिकवतो. (फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सना इटालियनमध्ये आजही ‘रुब्रिका’च म्हणतात आणि रूऽब्रिका म्हणणारे भरपूर भेटतील.) कोशात मात्र रुब्रीऽका. कारण लॅटिनमध्ये लाल काव या अर्थाच्या या शब्दातला ‘ब्री’ दीर्घ होता. ज्याला चूक म्हणतात ती मुळात डोळ्यांनी शिकलेल्या माणसाची खूण आहे.

मग आला रेडिओ. ६ ऑक्टोबर १९२४ ला रोममधून पहिलं प्रक्षेपण झालं आणि हा प्रश्न सरकारी झाला. पान गप्प बसू शकतं. निवेदकाला मात्र कुठेतरी जोर द्यावाच लागतो, आणि तो एकाच वेळी सगळा देश ऐकतो. १९३९ मध्ये एइआर या नभोवाणी संस्थेने उच्चार आणि शुद्धलेखनाची एक पुस्तिका काढली. लेखक ज्युल्यो बेर्तोनी आणि फ्रान्चेस्को उगोलिनी. काळ मुसोलिनीचा. आदल्याच वर्षी सरकारने ‘लेइ’ हे आदरार्थी सर्वनाम वापरायला बंदी करून ‘व्होइ’ म्हणायला लावलं होतं. भाषेत हात घालायची सवय झाली होती. बेर्तोनी-उगोलिनी तत्त्व मांडतात ते ‘रोम-फ्लोरेन्स अक्षा’चं. दोन शहरांचं एकमत असेल तर प्रश्न नाही. फरक असेल तिथे पारडं रोमकडे. खांबाला फ्लोरेन्समध्ये मिटलेल्या ओ ने कोलोऽन्ना म्हणतात, रोममध्ये उघड्या ओ ने. तर आता रोमसारखं म्हणा. पाचशे वर्षांचा फ्लोरेन्सचा मान एका पुस्तिकेने राजधानीकडे सरकवला. रोमच्या बाजूने भाषिक मुद्दे असतीलही, पण १९३९ साली रोमलाच झुकतं माप मिळावं यात कुणाला योगायोग दिसत असेल तर त्याने खुशाल पाहावा.

युद्ध संपलं, अक्ष मोडला. ३ जानेवारी १९५४ ला टीव्ही आला. १९६० ते १९६८ आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक टीव्हीवर खडू-कोळसा घेऊन प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत होते. कार्यक्रमाचं नाव होतं ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’. दक्षिणेतले मजूर तेव्हा तोरिनो-मिलानच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर येत होते. इटालियन पहिल्यांदाच देशभरच्या स्वयंपाकघरांत कानाने शिकली जात होती. १९६९ मध्ये राइ या सरकारी वाहिनीने मिल्योरिनी, ताल्याविनी आणि फ्योरेल्ली या तिघांकडून करून घेतलेला मोठा उच्चारकोश बाहेर आला, आणि पाया पुन्हा फ्लोरेन्सचा. त्यात प्रत्येक शब्दाचा जोर दाखवलेला आहे, निवेदकांनी फसू नये म्हणून.

या निकालांमध्ये काही मला फार आवडतात. सार्दिन्यातल्या एका गावाला मुख्य भूमीवरचे लोक सर्रास नुओऽरो म्हणतात, व्याकरणाचा अंदाज बांधून. गावकरी म्हणतात नूऽओरो, कारण त्यांच्या भाषेत ते नूऽगोरो आहे. बरोबर कोण? गावकरी. १९२६ चं साहित्याचं नोबेल मिळवणारी ग्रात्सिया देलेद्दा याच गावची. (आणि इटलीतले बहुतेक लोक म्हणतात नोऽबेल, स्वीडनमध्ये जोर ‘बे’वर आहे.) ईशान्येकडचा प्रांत फ्रीऽउली नव्हे, फ्रिऊऽली, तिथले लोक म्हणतात तसा.

पण हाच न्याय ‘एदिले’ या शब्दाला मिळाला नाही. एदिले म्हणजे बांधकामाचा, बांधकाम मजूर. देशभरात लाखो लोक याला सहज एऽदिले म्हणतात, बांधकामांवरही हेच कानावर पडतं. कोश म्हणतो एदीऽले. कारण प्राचीन रोममध्ये इमारती, बाजार, खेळ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘आएदीलिस’ म्हणत आणि त्यातला ‘दी’ दीर्घ होता. तो दीर्घपणा ऐकू येणं ऑगस्टीनच्या गावात सोळाशे वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. गिलावा करणाऱ्या माणसाने स्वतःच्या कामाचं नाव कसं घ्यावं, हे आजही तोच ‘दी’ ठरवतो. गावाच्या नावाला गावकऱ्यांना विचारलं गेलं, मग इथे कामगारांना का नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून कुठल्या कोशात सापडलेलं नाही. मिलानच्या एखाद्या इमारतीच्या परांचीवर आज रोमानियाचा, सेनेगलचा, पंजाबचा माणूस उभा असतो. तो हा शब्द मुकादमाच्या तोंडून ऐकतो आणि मुकादम म्हणतो तसाच म्हणतो.